पोश्चर आणि रोल मॉडेल वापरून कॉन्फिडन्स आणि फोकस कसा वाढवायचा: घरी करून बघायच्या सगळ्या स्टेप्स

इंटरव्ह्यूच्या दाराबाहेर बसलेली माणसं कधी नीट बघा. खुर्चीच्या अगदी टोकावर टेकलेली, मांडीवर फाइल घट्ट धरलेली, मान मोबाइलमध्ये खुपसलेली, एक पाय सारखा हलतोय, आणि आतून नाव पुकारलं की दचकून उठतात. आत जाऊन तोंड उघडायच्या आधीच निम्मा डाव हातचा गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून दोन सल्ले कायम ऐकायला मिळतात. एक म्हणजे कमरेवर हात ठेवून आरशासमोर दोन मिनिटं उभे राहा, हार्मोन्स बदलतात. दुसरा म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाला आदर्श माना, त्याचा फोटो समोर लावा. दोन्हीत तथ्य आहे, पण ज्या पद्धतीने सांगतात त्या पद्धतीने ते चालत नाही, मग माणूस आठवडाभर करतो, फरक पडत नाही, सोडून देतो आणि वर स्वतःलाच बोल लावतो की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी ऑफिसमध्ये नव्या लोकांची प्रेझेंटेशन आणि इंटरव्ह्यूची तयारी करून घेते, आणि चांगल्या हुशार मुलामुलींना असं स्वतःला दोष देताना बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी एक चौकट डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अल्बर्ट बँड्युरा नावाचे मोठे सायकॉलॉजिस्ट होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो. पहिलं, स्वतः केलेलं आणि जमलेलं काम. दुसरं, आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमताना बघणं. तिसरं, दुसऱ्यांनी दिलेला धीर. चौथं, त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, श्वास, थरथर वगैरे. यात सगळ्यात पक्का विश्वास पहिल्यातून येतो. रोल मॉडेल दुसऱ्यात बसतो आणि पोश्चर, म्हणजे बसण्या-उभं राहण्याची ढब, चौथ्यात. म्हणजे ही दोन्ही साधनं तुम्हाला 'स्वतः करून बघण्या'पर्यंत नेऊन सोडण्यासाठी आहेत, त्यापुढचं काम त्यांच्याकडून मागायचं नाही. जो नुसताच ताठ उभा राहतो आणि नुसतेच प्रेरणादायी व्हिडिओ बघतो, पण प्रत्यक्ष काही करत नाही, त्याचा कॉन्फिडन्स दोन तासांत उतरतो, यात नवल काहीच नाही.

पोश्चरबद्दल खरं किती, फुगवलेलं किती

हे जरा सावकाश सांगते कारण याच्यावर गैरसमज भरपूर आहेत. २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप या तिघांचा एक अभ्यास छापून आला. ४२ लोक होते, काहींना ऐसपैस, जागा व्यापून बसायला आणि उभं राहायला लावलं, काहींना अंग आखडून, एकूण दोनच मिनिटं. निष्कर्ष असा निघाला की ऐसपैस वाल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, स्ट्रेसचं हार्मोन कॉर्टिसॉल कमी झालं आणि ते रिस्क घ्यायलाही जास्त तयार झाले. २०१२ मध्ये कडींचं टेड टॉक (इंटरनेटवर गाजणारं छोटं भाषण) आलं आणि असं ऐसपैस उभं राहणं 'पॉवर पोझ' या नावाने जगभर पसरलं. मग २०१५ मध्ये एव्हा रानेहिल आणि त्यांच्या टीमने २०० लोकांवर तसाच प्रयोग केला, तर हार्मोन्समध्ये फरक नाही, रिस्क घेण्यातही नाही, फक्त लोकांना मनातून थोडं जास्त ताकदवान वाटलं तेवढं मात्र दिसलं. आणि २०१६ मध्ये खुद्द कार्नींनी जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मी आता मानत नाही. ज्या पेपरवर आपलं नाव सगळ्यात आधी आहे त्याच्याबद्दल असं बोलायला हिंमत लागते, मला त्यांचं कौतुक वाटतं.

तर हार्मोन्सची गोष्ट सोडून द्या. पण 'मनातून बरं वाटलं' हा भाग छोटा नाहीये. २०१५ मध्येच न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ७४ लोकांना स्ट्रेसचं काम दिलं, भाषण वगैरे, निम्मे ताठ बसवले आणि निम्मे वाकून. ताठ बसलेल्यांचा मूड आणि स्वतःबद्दलचं मत दोन्ही बरं राहिलं. वाकून बसलेले बोलताना 'मी, मला, माझं' जास्त करत होते, म्हणजे लक्ष कामावरून हटून स्वतःवर गेलेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, फोकसच्या भागात परत लागणार आहे.

आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा अभ्यास २००९ चा, ब्रिन्योल, पेटी आणि वॅग्नर यांचा. त्यांनी लोकांना ताठ किंवा वाकून बसवून नोकरीच्या दृष्टीने स्वतःचे चांगले किंवा वाईट गुण लिहायला सांगितले. ताठ बसलेल्यांचा आपण लिहिलेल्यावर विश्वास जास्त बसला. चांगलं लिहिलं असेल तर स्वतःबद्दलचं मत वर गेलं, वाईट लिहिलं असेल तर खाली. म्हणजे ताठ बसून डोक्यात 'माझं काही खरं नाही' घोळवत राहिलात तर तेच जास्त पक्कं होणार! नुसतं 'ताठ बस' म्हणून भागत नाही ते यामुळे, आणि रोल मॉडेलची गरजही इथेच पडते.

स्टेप १: अंग नेमकं कुठे आणि कधी पडतं ते शोधा

मोबाइल एका बाजूला टेकवून ठेवा, बाजूने दिसाल असा, आणि अभ्यास किंवा काम करतानाचा वीसेक मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सुरुवातीची पाच मिनिटं सोडून द्या, तेव्हा आपण कॅमेऱ्यासाठी बसलेले असतो. पुढे बघा की कान खांद्याच्या रेषेत आहे का पुढे निघालाय, पाठीचा खालचा भाग कधी बाहेर फुगला, पाय जमिनीवर आहेत का खुर्चीच्या दांड्यांना गुंडाळलेत, श्वास घेताना पोट हलतंय का नुसते खांदे वर जातायत. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंना ते तोलत बसावं लागतं, आणि पोटाशी वाकलेल्या माणसाच्या श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही म्हणून श्वास उथळ होतो. थकवा येतो तो बराचसा इथून.

पण कॉन्फिडन्ससाठी 'कुठे' पेक्षा 'कधी' महत्त्वाचं. आमच्याकडची एक ज्युनिअर होती, तिचं बसणं एरवी एकदम छान. मीटिंगमध्ये तिला प्रश्न विचारला की मात्र एका ठराविक क्रमाने सगळं व्हायचं. आधी हनुवटी खाली. मग उजवा हात पेनाच्या टोपणाकडे. मग दोन्ही खांदे कानांकडे. श्वास आत घेतलेला तो तिथेच अडकलेला, आणि त्या अडकलेल्या श्वासावरच बोलायला सुरुवात, "नाही म्हणजे, मला असं वाटलं होतं की..." उत्तर बरोबर असायचं, पण ऐकणाऱ्याला ते माफी मागितल्यासारखं वाटायचं. हे सगळं तीन सेकंदात. तिला दिवसभर ताठ बस म्हणून काही उपयोग नव्हता, तिला फक्त ते तीन सेकंद बदलायचे होते. तुमचेही असे तीन सेकंद कुठेतरी असतात. स्टेजच्या पायऱ्या चढताना, पेपर हातात आल्यावर पहिलं पान उलटताना, साहेबांचा फोन वाजल्यावर, अनोळखी लोकांच्या खोलीत शिरताना. ते शोधा आणि एका कागदावर एकच ओळ लिहा, 'जेव्हा अमुक होतं तेव्हा माझं तमुक पडतं.' ही ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरंच.

स्टेप २: बेस पोश्चर

उभं राहताना खालून वर यायचं. पाय कमरेइतके अंतर ठेवून, वजन टाचा आणि चवडे दोन्हीवर सारखं. गुडघे मागे ताणून लॉक करायचे नाहीत, किंचित सैल. मग डोक्याचा वरचा भाग छताकडे जातोय असं समजून मान लांब करायची, हनुवटी वर उचलायची नाही, उलट केसभर आत. खांदे एकदा कानांपर्यंत वर घ्या, मागे फिरवा आणि सोडून द्या, सोडून देणं महत्त्वाचं. बहुतेक लोक 'ताठ' म्हटलं की छाती पुढे काढून पाठ आखडतात, ते दोन मिनिटांच्या वर टिकत नाही आणि समोरच्याला भांडायला आल्यासारखं दिसतं. हात कुठे ठेवायचे हा सगळ्यांचा प्रश्न असतो, दोन्ही बाजूंना लोंबू द्या किंवा पोटासमोर एकमेकांत हलके धरा, खिशात नको, घडी घालून नको.

बसताना खुर्चीत पूर्ण मागे सरका, किंवा पाठ टेकवायची नसेल तर पुढे येऊन बसायच्या दोन हाडांवर बसा (तळहात खाली सरकवून बघा, दोन टोकदार हाडं लागतील तीच). पाय पूर्ण जमिनीवर, पोचत नसतील तर खाली काहीतरी ठेवा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास हवी, लॅपटॉप खालीच असेल तर मान पडणारच, इच्छाशक्तीचा प्रश्न नाही तो, सरळ त्याखाली पुस्तकं घाला.

श्वास नाकाने आत, चार मोजेपर्यंत, बाहेर सोडताना सहा. सोडणं लांब ठेवलं की हृदयाचा वेग थोडा उतरतो. चार-पाच वेळा पुरे, जास्त ओढून केलं तर गरगरतं.

आणि नजर. घाबरलेल्या माणसाची नजर सारखी उड्या मारते. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर खूप काम केलंय, बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो मारताना कसलेले खेळाडू चेंडू सोडायच्या आधी रिंगवर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात असं त्यांना १९९० च्या दशकातच दिसलं होतं. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की बोलायला किंवा लिहायला सुरुवात करण्याच्या आधी नजर एका जागी एक पूर्ण श्वासभर टेकवायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला जड जात असेल तर भुवयांच्या मध्ये बघा, समोरच्याला फरक कळत नाही.

पाठदुखी, स्लिप डिस्क किंवा मणक्याचा काही त्रास असेल तर यातलं काहीही जोर लावून करू नका, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्हीलचेअरवर असाल, जास्त वेळ बसता येत नसेल तरी हरकत नाही, श्वास, नजर आणि मान एवढ्या तीन गोष्टींवरही बरंच काम होतं.

स्टेप ३: ताठ झाल्यावर डोक्यात काय

२००९ चा अभ्यास आठवा. पोश्चर लावलंत की त्या क्षणी डोक्यात असेल ते वाक्य पक्कं होण्याची शक्यता असते, म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवा. 'मी बेस्ट आहे' छाप वाक्यं मला पटत नाहीत, आतला आवाज लगेच म्हणतो, कशावरून? त्यापेक्षा पुराव्याचं वाक्य घ्या. 'या चॅप्टरची सगळी गणितं मी दोनदा सोडवलीत.' 'हा रिपोर्ट मी स्वतः बनवलाय, यातला प्रत्येक आकडा कुठून आला मला माहितीये.' पुरावाच नसेल तर मग तयारीच कमी आहे, तिथे पोश्चर काय करणार, तयारीला बसा.

हात थरथरत असतील, छाती धडधडत असेल तर 'शांत हो, शांत हो' करत बसू नका. अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषण, गाणं, गणित अशा कामांआधी ज्यांनी स्वतःला 'मी एक्साइटेड आहे' असं सांगितलं त्यांचं काम स्वतःला शांत करायला बघणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड तीच असते, तिला भीती म्हणायचं का उत्सुकता एवढंच आपल्या हातात.

स्टेप ४: रोल मॉडेल निवडणं, इथे घाई नको

१९९७ मध्ये लॉकवूड आणि कुंडा यांनी अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका जबरदस्त हुशार विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाची मुलं ते वाचून उभारी धरत होती, कारण त्यांच्या हातात अजून वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसा फायदा झाला नाही, ज्याच्यासारखं व्हायचं ती वेळच निघून गेली होती. म्हणजे यश कितीही मोठं असो, ते 'मलाही पोचता येईल' असं वाटलं पाहिजे, नाहीतर तोच रोल मॉडेल आपल्याला खाली खेचतो. सोशल मीडियावर रोज कुणाचं तरी यश बघून रात्री उदास वाटतं ते यातूनच.

अजून एक, शंक आणि हॅन्सन यांचा १९८५ चा अभ्यास. वजाबाकीत अडखळणाऱ्या मुलांपैकी काहींना शिक्षक वजाबाकी करताना दाखवले, काहींना त्यांच्याच वयाचं मूल करताना दाखवलं. 'मलाही जमेल' हा विश्वास शिक्षकांना बघून वाढला त्यापेक्षा बरोबरीच्या मुलाला बघून जास्त वाढला.

यावरून मी तीन माणसं निवडायला सांगते. पहिला जवळचा, तुमच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या पुढे असलेला, मागच्या वर्षी ज्याने हीच परीक्षा काढली, जी तुमच्यासारखीच लाजाळू होती आणि आता मीटिंग चालवते. याला प्रश्न विचारता येतात, 'तुला पहिल्यांदा काय झालं होतं' हे विचारता येतं, म्हणून तिघांत हाच सगळ्यात महत्त्वाचा. दुसरा लांबचा, मोठा, ज्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तिसरा उलटा, ज्याच्यासारखं अजिबात व्हायचं नाही असा. काही लोकांना चूक टाळायची असेल तरच हुरूप येतो, त्यांना हा तिसरा फार उपयोगी पडतो, याच्याबद्दल कुणाला सांगू मात्र नका, मनात ठेवा.

संपूर्ण माणूस घ्यायचा नाही, एक गुण घ्यायचा. संपूर्ण माणूस डोक्यावर घेतला की उद्या त्याचं काही वावगं वागणं बाहेर आलं तर आपलंही सगळं कोसळतं.

स्टेप ५: त्या माणसातून एक कृती काढा

'त्याच्यासारखा कॉन्फिडन्स' ही कृती नाही, ती कॉपी करता येत नाही. व्हिव्ह रिचर्ड्स घ्या. वेस्ट इंडिजचा बॅट्समन, फास्ट बॉलिंगसमोर कधी हेल्मेट घातलं नाही म्हणून सगळ्यांना माहीत. पण त्याचे जुने व्हिडिओ बघा, तो पिचपर्यंत चालत कसा यायचा ते बघा. सावकाश. घाई नाही, डोकं वर, च्युइंग गम चघळत, चाल त्याची स्वतःची. आता 'निर्भय हो' हे कॉपी होत नाही पण 'दारापासून खुर्चीपर्यंत नेहमीपेक्षा सावकाश चाल' हे आज दुपारीच करता येतं. (हेल्मेट मात्र घाला.)

किंवा सचिन तेंडुलकरची जानेवारी २००४ ची सिडनी टेस्ट. त्या सिरीजमध्ये ऑफ स्टंपबाहेरचे बॉल खेळताना तो आउट होत होता, म्हणून सिडनीला त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बंद ठेवला आणि ४३६ बॉलमध्ये नाबाद २४१ केले, दहा तासांपेक्षा जास्त वेळ. यातून घ्यायची कृती अशी की ज्या एका गोष्टीमुळे मी सारखा अडचणीत येतो ती आज करायचीच नाही. फोकससाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. अभ्यासाच्या दोन तासात तुमचा कव्हर ड्राइव्ह कोणता? बहुतेकांचा मोबाइल असतो, काहींचा 'आधी नोट्स छान रंगवू' हा असतो.

कृती काढायची पद्धत अशी. त्या माणसाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि आवाज बंद करून बघा. आवाज असला की आपण शब्दांत वाहून जातो, आवाज नसला की अंग दिसतं. मग फक्त क्रियापदं लिहा, विशेषणं नकोत. 'प्रश्न ऐकून संपेपर्यंत मान हलवत नाही.' 'उत्तराआधी थांबते.' 'पाणी पिते.' 'चुकल्यावर कागदाकडे न बघता पुढचं वाक्य घेते.' पाच-सहा ओळी निघतील, त्यातली तुमच्या त्या तीन सेकंदांना उपयोगी पडेल अशी एकच निवडा. जवळचा रोल मॉडेल असेल तर त्याला समोरासमोर बघा आणि नंतर विचारा की तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, उत्तर ऐकून बहुतेक वेळा धक्का बसतो कारण आतून तोही घाबरलेलाच असतो.

एकलव्याने समोर मातीचे द्रोणाचार्य ठेवले, पण दिवसभर हात धनुष्यावर होता, मूर्तीला नुसता नमस्कार करत बसला नाही. रोल मॉडेलचा फोटो लावायचा असेल तर जरूर लावा, त्याच्याखाली ती एक कृती मोठ्या अक्षरात लिहा.

स्टेप ६: तीन सेकंदांना ती कृती जोडा

पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात 'जर-तर' प्लॅनिंगवर काम केलं, नुसता निश्चय करण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं. तुमची स्टेप १ ची ओळ काढा आणि तिचा दुसरा अर्धा भाग बदला. आमच्या ज्युनिअरची ओळ अशी झाली, 'मला प्रश्न विचारला की मी पेन टेबलावर ठेवीन, श्वास सोडीन आणि मग बोलेन.' पेन ठेवणं तिने आमच्याच एका सीनियर मॅडमकडून उचललं होतं, त्या बोलायच्या आधी हात रिकामे करतात. बघा, किती छोटी गोष्ट! पण हात खाली गेला की खांदे आपोआप उतरतात आणि श्वास सुटला की आवाज खालच्या पट्टीत येतो.

याची प्रॅक्टिस घरी उभं राहून करा, कुणालातरी प्रश्न विचारायला सांगा, नाहीतर मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात प्रश्न रेकॉर्ड करून मध्ये गॅप ठेवा. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे, मग उद्धट. पहिले काही दिवस एकदम नाटकी वाटेल, वाटू द्या.

त्या क्षणी डोकं रिकामं झालं तर रोल मॉडेलबद्दलचा एक प्रश्न हाताशी ठेवा, 'ती इथे असती तर आत्ता काय केलं असतं?' लहान मुलांवर २०१७ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, ४ आणि ६ वर्षांची १८० मुलं, कंटाळवाणं काम आणि शेजारी टॅबलेटवर गेम. काहींना 'मी नीट काम करतोय का' असं स्वतःला विचारायला सांगितलं, काहींना स्वतःचं नाव घेऊन, आणि काहींना बॅटमॅनसारखं आवडतं पात्र बनून, 'बॅटमॅन नीट काम करतोय का?' पात्र बनलेली मुलं सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली, नाव घेणारी त्यांच्या मागे, 'मी' वाली सगळ्यात मागे. स्वतःपासून जरासं अंतर पडलं की लक्ष कामावर राहतं, ते वाकून बसलेले लोक 'मी, मला' करत होते ना, त्याच्या बरोबर उलट. मोठ्यांनाही स्वतःचं नाव घेऊन मनात बोलण्याचा फायदा होतो असं ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासांत दिसलंय. करून बघा, 'स्नेहा, आता फक्त पहिलं वाक्य' असं.

फोकससाठी वेगळं थोडं

अभ्यासाला किंवा लिहायला बसताना पूर्ण वेळ एकच पोश्चर धरायचा हट्ट नको, अंग हलणारच. सुरुवात मात्र रोज एकसारखी ठेवा. पाय जमिनीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पाच श्वास, नजर पहिल्या ओळीवर टेकवली, आणि रोल मॉडेलची कृती एकदा मनात. रियाजाला बसणारी माणसं बघा, बैठक लागली, तंबोरा जुळवला की मगच पहिला सा. पंचवीस-तीस मिनिटांनी उठा, हात वर ताणा, थोडं चाला, परत तीच सुरुवात. मन भरकटलं हे लक्षात येतं तेव्हा अंग आधीच घसरलेलं असतं, बहुतेक वेळा मान पुढे गेलेली. तेव्हा मनाशी भांडू नका, मान आणि पाय जागेवर आणा आणि ज्या ओळीवर होतात ती परत वाचा.

किती दिवस आणि मोजायचं कसं

पहिला आठवडा फक्त बघणं आणि बेस पोश्चर. दुसऱ्या आठवड्यात रोल मॉडेल आणि एक कृती, घरच्या घरी. तिसऱ्यापासून प्रत्यक्षात, पण कमी जोखमीच्या ठिकाणी, दुकानात प्रश्न विचारताना, ओळखीच्या लोकांच्या मीटिंगमध्ये, मग हळूहळू मोठ्या ठिकाणी. रोज रात्री एकच गोष्ट लिहा, आज ती कृती आठवली का, हो किंवा नाही. 'कॉन्फिडन्ट वाटलं का' हे लिहू नका, वाटणं वर-खाली होतच राहतं, आठवणं मात्र नक्की वाढतं.

कुठे गडबड होते

लोक ऐसपैस पोश्चर थेट इंटरव्ह्यूमध्ये करतात, पाय फाकवून, हात खुर्चीच्या मागे टाकून, आणि समोरच्याला तो उर्मटपणा वाटतो. मोकळं, मोठं अंग करायचं ते आधी, एकटं असताना. आत गेल्यावर बेस पोश्चर.

दुसरी गडबड, रोल मॉडेलचा आवाज, लकबी, कपडे कॉपी करणं. हे चार दिवसांत गळून पडतं आणि आजूबाजूचे नक्कल ओळखतात. कृती घ्या, लकब सोडा.

आणि काही जणांची भीती यापेक्षा खोल असते. लोकांसमोर जायच्या विचारानेच झोप उडते, कॉलेज किंवा काम बुडवावं लागतं, पॅनिक अटॅक येतात, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि कौन्सेलर किंवा सायकायट्रिस्टला भेटा, त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला 'जरा ताठ उभा राहा, सगळं ठीक होईल' असं म्हणणं मला चुकीचं वाटतं.

एखादा दिवस पूर्ण फसला, कृती आठवलीच नाही, उत्तर देताना तत-पप झालं, तर त्याच दिवशी संध्याकाळी तेच प्रश्न घेऊन घरी उभे राहा आणि एकदा नीट करा, पेन ठेवा, श्वास सोडा, बोला. शरीराला शेवटची आठवण जमलेल्याची राहू द्या. आणि दोन-तीन महिन्यांनी ती कृती न आठवता आपोआप व्हायला लागली की तोच रोल मॉडेल धरून बसू नका, पुढचे तीन सेकंद शोधा आणि त्यासाठी नवा माणूस बघा.